स्कॉटलंडच्या दरीतल्या हातभट्टीची गोष्ट बुटीबोरीपर्यंत कशी आली?

सप्टेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या पेपरात एक बातमी आली. पर्नोड रिकार्ड ही फ्रेंच कंपनी बुटीबोरीला माल्ट व्हिस्कीची डिस्टिलरी उभारणार, त्यासाठी राज्य सरकारसोबत सामंजस्य करार झाला. गुंतवणूक १० वर्षांत १ हजार ७८५ कोटींपर्यंत. वर्षाला १ कोटी ३० लाख लिटर माल्ट स्पिरिट. देशातली सगळ्यात मोठी माल्ट डिस्टिलरी.

बातमी व्हायरल झाली, मीम्स आले, 'संत्रा सोडा, आता स्कॉच घ्या' टाईप जोक झाले आणि विषय संपला.

पण आम्ही पडलो खापरखेड्याचे. १३४० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या बघत मोठं झालेलं पोरगं 'मोठा प्रकल्प' म्हटलं की पहिले तीन प्रश्न विचारतं. पाणी किती लागणार? काम कोणाला मिळणार? आणि मुळात हे इथेच का?

या प्रश्नांची उत्तरं शोधायला सुरुवात करायची तर आधी नागपूर सोडून स्कॉटलंडच्या एका दरीत जावं लागतं. कारण बुटीबोरीला येणाऱ्या याच कंपनीकडे आज ग्लेनलिव्हेट नावाची डिस्टिलरी आहे. आणि या डिस्टिलरीची सुरुवात शुद्ध मराठीत सांगायची तर हातभट्टीतून झाली.

राजाने मागितली, पण ती होती बेकायदा

ग्लेन म्हणजे दरी. लिव्हेट ही तिथली छोटी नदी. दोन्ही मिळून ग्लेनलिव्हेट. स्कॉटलंडच्या ईशान्येला, स्पे नदीच्या खोऱ्यात हा भाग येतो. डोंगराळ, आडवाटेचा, हिवाळ्यात बर्फाने बंद होणारा. पाणी चांगलं आणि सरकारी माणूस सहसा फिरकत नाही. थोडक्यात, भट्टी लावायला एक नंबर जागा.

अठराव्या शतकाच्या शेवटी सरकारने दारूवर इतके कर लावले की लोकांनी परवाने काढणंच सोडलं. एकट्या या दरीत २०० च्या आसपास चोरट्या भट्ट्या होत्या असं सांगितलं जातं. रात्री घोड्यांवर पिंपं लादायची आणि डोंगरातून शहरात पोचवायची, असा सगळा कारभार.

१८२२ मध्ये इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला. आणि त्याने प्यायला मागितली ती ग्लेनलिव्हेटची व्हिस्की. म्हणजे ज्याच्या नावाने कर वसूल व्हायचा, त्यालाच कर चुकवलेला माल आवडत होता.

पुढच्याच वर्षी, १८२३ मध्ये, नवा अबकारी कायदा आला. वर्षाला १० पौंड परवाना फी, वर गॅलनमागे कर, आणि भट्टी किमान ४० गॅलनची हवी. कर बराच कमी केला होता. ड्यूक ऑफ गॉर्डन या तिथल्या बड्या जमीनदाराने यासाठी जोर लावला होता आणि त्याच्याच एका कुळाने १८२४ मध्ये दरीतला पहिला परवाना काढला. त्याचं नाव जॉर्ज स्मिथ.

आता तुम्हाला वाटेल, शेजाऱ्यांनी हार घातले असतील. झालं उलटं. 'हा सरकारला फितूर झाला' म्हणून बाकीच्या भट्टीवाल्यांनी त्याची डिस्टिलरी जाळायची धमकी दिली. शेवटी एबरलूरच्या जमीनदाराने त्याला दोन पिस्तुलं दिली. स्मिथ ती कमरेला लावून फिरायचा.

स्मिथ टिकला. नाव इतकं मोठं झालं की आजूबाजूच्या डिस्टिलऱ्या आपल्या बाटलीवरही 'ग्लेनलिव्हेट' लिहायला लागल्या. प्रकरण कोर्टात गेलं आणि १८८४ मध्ये तोडगा निघाला. स्मिथच्या घराण्याने 'द ग्लेनलिव्हेट' लिहायचं, बाकीच्यांनी आपल्या नावाला जोडूनच ते वापरायचं. म्हणून आजही त्या नावात तो 'द' आहे.

पुढे १९७८ मध्ये डिस्टिलरी सीग्रॅमकडे गेली आणि २००१ मध्ये सीग्रॅमच्या दारू व्यवसायाची वाटणी झाली तेव्हा पर्नोड रिकार्डकडे आली. त्याच वाटणीत सीग्रॅमचा भारतातला धंदाही त्यांच्याकडे आला. १९९५ ला आलेली रॉयल स्टॅग त्यातलीच. बुटीबोरीची वाट इथून सुरू होते.

माल्ट म्हणजे नक्की काय?

तुमच्या घरात लहान बाळासाठी नाचणीचं सत्त्व केलं असेल तर माल्ट तुम्हाला माहीत आहे. धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, दळायचं. मोड येताना दाण्यात अशी द्रव्यं तयार होतात, जी पुढे त्यातल्या पिठुळ भागाची साखर करतात. व्हिस्कीत नाचणीच्या जागी जव असतो, म्हणजेच बार्ली.

दळलेल्या माल्टमध्ये गरम पाणी घालून गोड रस काढतात. त्यात यीस्ट टाकून दोन-तीन दिवस आंबवतात. मग तांब्याच्या मोठ्या भांड्यात तो उकळतात, वाफ थंड करून गोळा करतात आणि पुन्हा एकदा उकळतात. तत्त्व अगदी मोहाच्या हातभट्टीचंच आहे.

फरक आहे तो धारेत. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणजे कौतुक. स्कॉटलंडमध्ये पहिली धार बाजूला काढतात, शेवटचीही काढतात आणि फक्त मधली ठेवतात. पहिल्या धारेत नको ती उग्र द्रव्यं जास्त असतात, शेवटच्या धारेत जड, कुबट वासाची.

ही मधली धार पाण्यासारखी पारदर्शक असते. रंग येतो तो ओकच्या लाकडी पिंपात. कायद्याने स्कॉच म्हणवून घ्यायचं तर ७०० लिटरपेक्षा मोठं नसलेल्या ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच, किमान ३ वर्षं ठेवावं लागतं. आणि एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्ट केलेल्या जवापासून, अशा तांब्याच्या भांड्यात केलेली असेल तरच ती सिंगल माल्ट.

ग्लेनलिव्हेटच्या बाटल्यांमध्ये मुख्य फरक या पिंपांचा आणि वर्षांचाच आहे. १२ वर्षांची अमेरिकन आणि युरोपियन ओकमधली, फळांच्या वासाची. १५ वर्षांची काही काळ फ्रेंच ओकमध्ये ठेवलेली, थोडी मसालेदार. १८ वर्षांची जास्त गडद आणि भरीव. धुराचा वास यात नसतो. तो काही स्कॉच माल्टमध्ये येतो, कारण तिथे जव वाळवताना पीट नावाची दलदलीतली माती जाळतात.

आणि आपल्याकडे विकली जाणारी स्वस्त व्हिस्की? तिच्यात बहुतांशी उसाच्या मळीपासून किंवा धान्यापासून केलेलं, चव नसलेलं स्पिरिट असतं. ब्रँड जरा वरचा असेल तर त्यात थोडं माल्ट घालतात. मळीच्या दारूला युरोपात व्हिस्की म्हणताच येत नाही.

देवदूत नागपुरात आले तर?

पिंपातली व्हिस्की दरवर्षी थोडी उडून जाते. स्कॉटलंडमध्ये याला गमतीने देवदूतांचा वाटा म्हणतात. तिथे तो वर्षाला साधारण २ टक्के आहे. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन ही सिंगल माल्ट तयार होते, तिथे ८ टक्क्यांच्या आसपास. बेंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीत १० ते १२ टक्के.

जरा हिशोब करू. १०० लिटर पिंपात भरले आणि १२ वर्षं ठेवले. स्कॉटलंडच्या २ टक्क्यांनी ७८ लिटर उरतील. बेंगळुरूच्या १० टक्क्यांनी फक्त २८.

२०२५ मध्ये ग्लेनलिव्हेटमध्ये गाळलेली आणि फेब्रुवारी १९४० पासून पिंपात असलेली ८५ वर्षांची व्हिस्की बाजारात आली. एका पिंपातून १२५ बाटल्या निघाल्या. तेच १०० लिटर बेंगळुरूच्या दराने ८५ वर्षं ठेवले असते तर उरले असते १३ मिलिलिटर. चहाचे अडीच चमचे.

म्हणून भारतीय सिंगल माल्टवर सहसा '१२ वर्षं' असा आकडा दिसत नाही. तोटा आहेच, पण उष्णतेत पिंपाचं लाकूड आणि स्पिरिट यांची देवाणघेवाणही झपाट्याने होते. चार-पाच वर्षांत भरपूर रंग आणि चव येते.

अमृतने हे सिद्ध केलं. ही कंपनी १९४८ मध्ये राधाकृष्ण जगदाळे यांनी काढली (हो, आडनाव ओळखीचंच आहे). त्यांचे नातू रक्षित जगदाळे इंग्लंडमध्ये शिकत असताना तिथे भारतीय सिंगल माल्ट विकता येईल का, याचाच अभ्यास करत होते. ऑगस्ट २००४ मध्ये अमृतने आपली सिंगल माल्ट बाजारात आणली तीसुद्धा थेट ग्लासगोमध्ये, म्हणजे स्कॉचच्या घरात. पुढे त्यांनी ८ वर्षं ठेवलेली एक व्हिस्की काढली, तिचं नाव 'ग्रीडी एंजल्स'. हावरे देवदूत!

२०२३ मध्ये भारतात विकल्या गेलेल्या सिंगल माल्टपैकी निम्म्याहून जास्त भारतीय होत्या, असं देशी मद्य कंपन्यांच्या महासंघाचं म्हणणं आहे. पर्नोड रिकार्डनेही २०२२ च्या शेवटी 'लाँगिट्यूड ७७' ही आपली पहिली भारतीय सिंगल माल्ट आणली, ती नाशिकची.

आता नागपूर. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटर उंच, हवा सौम्य. गोवा दमट. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत. डिसेंबरात रात्री १० अंशांच्या खाली. याने एक वेगळी गोष्ट होऊ शकते. दमट हवेत पिंपातून अल्कोहोल जास्त उडतं, त्यामुळे स्कॉटलंडमध्ये वर्षागणिक व्हिस्की सौम्य होत जाते. कोरड्या हवेत पाणी जास्त उडतं आणि व्हिस्की आणखी कडक होऊ शकते. त्यामुळे गोदामाच्या भिंती किती जाड, छत कसं, आत गारवा आणि ओल किती राखायची, यावर बुटीबोरीचं गणित ठरेल.

मग आपल्याला काय?

आधी जव. कंपनीने वर्षाला ५० हजार टनांपर्यंत जव स्थानिक शेतकऱ्यांकडून घेण्याचं सांगितलं आहे. हेक्टरी ३ टन उत्पादन धरलं तर त्याला साधारण १६-१७ हजार हेक्टर लागतील. देशात जव पिकतो मुख्यतः राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि हरियाणात. विदर्भाच्या रब्बीत हरभरा आणि गहू असतो. म्हणजे इथल्या शेतकऱ्याला पीकच बदलावं लागेल. तो ते तेव्हाच बदलेल, जेव्हा बियाणं मिळेल आणि पेरणीच्या आधी भाव लेखी हातात असेल. नाहीतर ट्रक राजस्थानातून येतील आणि आपण ते समृद्धी महामार्गावर मोजत बसू.

दुसरं पाणी. जव भिजवायला, रस काढायला आणि सगळ्यात जास्त वाफ थंड करायला पाणी लागतं. थंड करायचं पाणी पुन्हा पुन्हा फिरवता येतं, पण त्यावर खर्च करावा लागतो. त्यामुळे नुसतं 'पाणी किती' विचारून भागत नाही. 'किती पाणी परत वापरणार' हेही विचारायला हवं. रस काढल्यावर उरलेला जवाचा चोथा मात्र गुरांना चालतो, दूधवाल्यांना तो कामाचा.

तिसरं, स्पर्धा. २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. करार लागू झाला की स्कॉचवरचं १५० टक्के आयात शुल्क आधी ७५ आणि दहाव्या वर्षापर्यंत ४० टक्क्यांवर येणार. भारतीय ब्रँडमध्ये मिसळायला येणारं स्कॉटलंडचं माल्टही स्वस्त होईल. नागपूरच्या माल्टला त्याच्याशी टक्कर द्यायची आहे.

चौथी गोष्ट कोणी फारशी बोलत नाही. बुटीबोरीहून जो रस्ता फुटतो तो वर्ध्याला जातो. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपूरची २०१५ ला आली, २०२१ ला उठली. दारूने घरं कशी मोडतात हे बघून बायकांनी इथे आंदोलनं केली आहेत. डिस्टिलरी आली म्हणून तो प्रश्न मिटत नाही.

आणि आपल्या मोहाचं काय?

१८२३ ला ज्या ब्रिटिश सत्तेने स्कॉटलंडमध्ये स्वस्त परवाना देऊन भट्टीवाल्याला कायद्यात आणलं, तिनेच मुंबई इलाख्यात उलटं केलं. १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळणं काही मोजक्या ठेकेदारांच्या हाती गेलं. १८९२ मध्ये तर ठाणे-कुलाब्याकडे मोहाची फुलं बाळगण्यावरच बंधनं घालणारा कायदा आला. नागपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं, पण इथेही कलार समाजाची पिढीजात कला हळूहळू पोलीस केस झाली.

२०२१ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशने आदिवासींच्या मोहाच्या दारूला 'हेरिटेज' दर्जा द्यायचं ठरवलं. ही दारू बनवायची, तपासायची आणि बाटलीत भरून विकायची कायदेशीर वाट तिथे तयार झाली. ते मॉडेल किती चालतं ते बघावं लागेल, पण सावनेरच्या पुढे हद्द ओलांडली की हाच मोह वेगळ्या कायद्यात येतो.

मार्च-एप्रिलमध्ये रामटेक-पारशिवनीच्या जंगलात मोहाची फुलं पडतात. पहाटे टोपल्या घेऊन बाया ती वेचतात आणि वाळवून किलोच्या भावाने विकतात. बुटीबोरीच्या पहिल्या पिंपात स्पिरिट भरलं जाईल, तेव्हाही त्या वेचतच असतील. जॉर्ज स्मिथला १८२४ मध्ये १० पौंडांत मिळाला तसा परवाना त्यांच्यासाठी कोणी छापणार आहे का, हा प्रश्न १ हजार ७८५ कोटींच्या बातमीसोबत विचारायला हरकत नाही.