पाच कोटींची पर्स आणि बाकीचे सहा

"शादलू असता ना, तर हे तीन पॉइंट कुठं जात नव्हते!"

३१ ऑक्टोबर २०२५ ची रात्र. हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. प्रो कबड्डीच्या बाराव्या सीझनची फायनल नुकतीच संपली होती. दबंग दिल्ली ३१, पुणेरी पलटण २८. पलटणवाले डोक्याला हात लावून बसले होते, मुंबईची यू मुंबावाली पोरं गालातल्या गालात हसत होती, आणि वरच्या त्या वाक्याचा धनी मी होतो.

मग काय, वादाला तोंड फुटलं. "शादलूला सोडलाच कसा?" "पैसे नव्हते तर मालकाने खिशातून घालायचे!" "एक मोठा रेडर घ्या, बाकी सगळे भरती!" रात्रीचे दोन वाजले, शेवटी रेक्टर सरांनी येऊन टीव्ही आणि लाइट दोन्ही बंद केले. या सगळ्यात माझा रूममेट तेवढा गप्प होता. रूमवर आल्यावर पांघरूण ओढता ओढता तो एवढंच म्हणाला, "तुला अजून कळलं नाही बघ."

मित्रहो, त्याला असं बोलायचा हक्क का होता ते पुढे सांगतोच. आधी एक कबुली. मी गाव नेसरीचा असलो तरी शिकलो कॉन्व्हेंटात. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. संपादक म्हणाले, "टीव्ही रूममध्ये बडबडतोस तेच लिही." म्हणून हा खटाटोप.

तर आधी पर्सचं गणित. प्रो कबड्डीत प्रत्येक टीमला खेळाडू घ्यायला सारखीच रक्कम मिळते. २०२३ च्या लिलावात ती ५ कोटी रुपये होती. त्यात कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू बसवायचे. मालक कितीही गडगंज असला तरी त्याच्या वर जायचं नाही. यालाच सॅलरी कॅप म्हणतात. हे खूळ आपलं नव्हे. अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकीच्या एनएचएल लीगमध्ये याच भांडणापायी २००४-०५ चा अख्खा सीझन रद्द झाला होता, आणि पुढच्या सीझनपासून प्रत्येक टीमला ३.९ कोटी डॉलरची मर्यादा आली. हेतू एकच, ज्याच्याकडे पैसा त्यानेच सगळे चांगले खेळाडू उचलू नयेत.

सोप्या भाषेत सांगायचं तर हे आपल्या मेसचं बजेट आहे. महिन्याचे पैसे ठरलेले. रविवारी तांबडा-पांढरा झोकात केला, तर सोमवार ते शनिवार डाळीत डाळ शोधायची पाळी येते!

आता खरा आकडा घेऊ. २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सनी पवन सेहरावतला २ कोटी ६०.५ लाखांना घेतलं. (२०१४ च्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग राकेश कुमार होता, १२.८ लाखांना. म्हणजे नऊ वर्षांत वीस पट!) पाच कोटींतून पवनचे गेले, उरले २ कोटी ३९.५ लाख. कमीत कमी १७ जण अजून घ्यायचे म्हटलं तरी माणशी १४ लाख. त्या लिलावात ‘ए’ गटाची बेस प्राइस ३० लाख होती, ‘बी’ची २०, ‘सी’ची १३ आणि ‘डी’ची ९. म्हणजे बाकीची टीम सरासरी ‘सी’ गटाच्या आसपास उभी करायची. पवन त्या सीझनमध्ये वाईट खेळला का? अजिबात नाही. पण टायटन्स फक्त दोन मॅच जिंकून टेबलच्या तळाला राहिले.

आणि २०२२ चं उलटं उदाहरण पाहा. तेव्हा पवन तमिळ थलायवाजकडे होता, २ कोटी २६ लाखांना. पहिल्याच मॅचमध्ये गुडघा दुखावला आणि तो सीझनभर बाहेर बसला. सगळ्यांना वाटलं, संपली टीम. पण नरेंदर नावाच्या नव्या पोराने चढाईत दोनशेच्या वर गुण काढले, डिफेन्सने साथ दिली आणि थलायवाज सेमीफायनलपर्यंत पोहोचले.

आपल्या भागातलं उदाहरण तर तुम्हाला माहीत असेलच. सिद्धार्थ देसाई, आमच्या शेजारच्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा. २०१८ ला यू मुंबाने त्याला ३६.४ लाखांना घेतला. त्याने तो सीझन गाजवला आणि २०१९ ला तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. त्या लिलावातला सगळ्यात महाग खेळाडू आमच्याकडचा! त्या दिवशी आमच्या घरी टीव्हीपुढे जो दंगा झाला तो विचारू नका. मी तेव्हा लहान होतो, पण एक गोष्ट तेव्हापासून खटकत होती. सिद्धार्थने त्या सीझनमध्येही चढाईत दोनशेच्या वर गुण घेतले, तरी टायटन्स प्लेऑफच्या जवळपासही नव्हते. एवढे गुण घेणारा माणूस असून टीम हरते कशी?

याचं उत्तर मला पुस्तकात नाही मिळालं. ते मिळालं आपल्याच हॉस्टेलमध्ये, आणि तेही तोंडावर आपटून.

गेल्या वर्षीच्या गॅदरिंगला आपण विंगवार कबड्डी लीग केली, आठवतंय? प्रत्येक विंगला हजार पॉइंट, दहा खेळाडू, बेस प्राइस ४०. मी आमच्या विंगचा ‘मालक’. माझा रूममेट आदल्या वर्षी आमच्याकडून कव्हर खेळलेला. त्याला ९० ला रिटेन करता येत होतं. मी म्हटलं, ह्याच्या नावावर अख्ख्या स्पर्धेत चार पॉइंट, ९० कशाला घालवायचे? आणि सगळ्यांसमोर त्याला सोडला. मग युनिव्हर्सिटी खेळलेला एक रेडर ६२० ला उचलला. टाळ्या वगैरे पडल्या! उरलेल्या ३८० मध्ये नऊ जण, म्हणजे माणशी ४२. पर्यायच नव्हता, जे उरले ते घेतले.

पहिल्याच मॅचला आमच्या रेडरने १६ पॉइंट घेतले आणि आम्ही ९ पॉइंटने हरलो. दुसऱ्या मॅचलाही तीच गत. तिसरी खेळायची वेळच आली नाही. रूममेट दुसऱ्या विंगकडून खेळला, बेस प्राइसला. महिनाभर आम्ही एकाच खोलीत राहून "लाइट बंद करू का?" एवढंच बोलत होतो.

सेम संपल्यावर नेसरीला गेलो तेव्हा हे सगळं दादाला सांगितलं. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. गावच्या मंडळाकडून बारा वर्षं डावा कव्हर खेळला. आता एमआयडीसीत कामाला आहे. त्याच्या गुडघ्याला टाके आहेत आणि घरात एकही कप नाही, कारण बेस्ट रेडरचा कप असतो, बेस्ट कॉर्नरचाही असतो, कव्हरला कोण देणार? तो म्हणाला, "तू पॉइंट मोजतोस रं. आधी आत माणसं किती उरल्यात ती मोज."

मग त्याने अंगणातच खडूने मैदान आखून दाखवलं. कबड्डी सात जणांची. आपला रेडर पकडला गेला की तो बाहेर. कितीही महागडा असो, बाहेर बसलेल्या रेडरची किंमत शून्य. तो स्वतःहून आत येऊ शकत नाही. बाकीच्यांपैकी कोणीतरी समोरचा एक गडी बाद करायचा, तेव्हा आपला एक गडी आत येतो, जो आधी बाद झाला तो आधी. बोनसचा गुण मिळाला तरी त्याने कोणी जिवंत होत नाही, हेही लक्षात ठेवा. म्हणजे चाळीस मिनिटांच्या मॅचमध्ये तुमचा दोन कोटींचा माणूस किती वेळ आत असणार, हे ठरवतात ते दहा लाखवाले! ते कमी पडले की स्टार बाहेर बसून बघत राहतो आणि टीमवर लोण चढतो. माझ्या हॉस्टेलच्या टीमचं नेमकं हेच झालं होतं. १६ गुण घेणारा अर्धा वेळ बाहेर होता, आणि त्याला आत आणणारं कोणी मी घेतलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट, पकडीचा गुण स्कोअरकार्डवर एकाच्याच नावावर पडतो. कॉर्नरने घोट्याला हात घातला, गुण त्याचा. पण त्याच वेळी कव्हरने आडवं येऊन मधल्या रेषेकडची वाट बंद केली नसती, तर रेडर त्या कॉर्नरला ओढत घेऊन गेला असता. साखळीतला दुसरा हात कोणाचा होता, ते कुठंच लिहिलेलं नसतं. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’, गुण आणला नाही तर रेडर बाद. ही चढाई पुष्कळदा टीम तिसऱ्या नंबरच्या रेडरला देते, मुख्य रेडर वाचावा म्हणून. तो बाद झाला की टीव्हीसमोर आपण शिव्या घालतो. अरे, पण त्याचं कामच ते आहे!

आता पलटणकडे परत येऊ. २०२३ च्या लिलावात पलटणनेही एक मोठी खरेदी केली होती. इराणचा मोहम्मदरझा शादलू, २ कोटी ३५ लाखांना. मग त्यांचं टायटन्ससारखं का झालं नाही? कारण बाकीची टीम आधीपासून हातात होती. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे, संकेत सावंत, अबिनेश, गौरव खत्री ही पोरं त्यांनी लिलावाआधीच रिटेन केली होती. तरुण खेळाडू घडवले की नियमाप्रमाणे ते ठरावीक, कमी रकमेत ठेवता येतात. खाली भक्कम पाया असला की वर एक जड स्लॅब चालतो. (सिव्हिलवाल्यांना हे सांगायला नको.) शादलू त्या सीझनचा सर्वोत्तम डिफेंडर ठरला, अस्लम सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पलटण पहिल्यांदा चॅम्पियन झाली. त्या फायनलला पलटणकडून सगळ्यात जास्त गुण मात्र या दोघांचे नव्हते, ते पंकज मोहितेचे होते.

पण पर्सचा दुसरा चटका इथेच बसतो. टीम जिंकली की सगळ्यांचे भाव वाढतात, पर्स तेवढीच राहते. २०२४ ला पलटणने शादलूला सोडला. हरियाणाने २ कोटी ७ लाखांना घेतला आणि डिसेंबरमध्ये पुण्यातच हरियाणा चॅम्पियन! पलटण प्लेऑफलाही नव्हती. इथपर्यंत माझंच म्हणणं बरोबर वाटतं ना? थांबा. त्या वर्षी अस्लम दुखापतीने बाहेर गेला होता. आणि २०२५ ला शादलू २ कोटी २३ लाखांना गुजरात जायंट्सकडे गेला. गुजरात प्लेऑफला नाही, आणि त्याच्याशिवायची पलटण फायनलला! मग "शादलू असता तर" या वाक्याला अर्थ काय राहिला? तो असता तर त्याच्या दोन कोटींत बसलेली जी पोरं फायनलपर्यंत घेऊन आली, त्यातली कोण नसती?

ट्रेडचंही असंच. आयपीएलमध्ये नोव्हेंबर २०२५ ला संजू सॅमसन चेन्नईला आला आणि जडेजा, सॅम करन राजस्थानला गेले. आपण लगेच भांडायला लागतो, कोण फसलं, कोण जिंकलं. पण खरा प्रश्न असा की, मोठा माणूस देऊन-घेऊन झाल्यावर बाकीच्या जागा कोण भरणार? म्हणून यापुढे टीव्ही रूममध्ये वाद घालाल तेव्हा ‘कोणाला घ्यायला पाहिजे होतं’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, "मग सोडायचं कोणाला?" निम्मे जण तिथेच गप्प होतात. मी झालो.

सुट्टीत एका संध्याकाळी दादाबरोबर नेसरीच्या खिंडीत गेलो होतो. प्रतापराव गुजरांच्या स्मारकापाशी बसलो. २४ फेब्रुवारी १६७४, बहलोलखानाच्या फौजेवर सात जण तुटून पडले ती ही जागा. लहानपणापासून शाळेच्या सहली इथे येताना बघतोय. दादा म्हणाला, "प्रतापराव सगळ्यांस्नी ठावं. बाकीच्या सहा जणांची नावं सांग बघू." मला एकही सांगता आलं नाही. आमच्याच गावची गोष्ट, आणि एकही नाही! कबड्डीची गंमत कुठं आणि ते बलिदान कुठं, तुलना करायची नाहीच. पण आपली मोजायची सवय मात्र दोन्हीकडे तीच आहे, हे तिथं बसल्यावर जाणवलं.

हॉस्टेलवर परतल्यावर रूममेटला म्हटलं, "चुकलो यार. ते चार पॉइंट बघून तुला सोडायला नको होतं." तो जर्नल लिहीत होता. वर न बघता म्हणाला, "या गॅदरिंगला माझी बेस प्राइस शंभर आहे."

मी दीडशेची तयारी ठेवलीय. बाकीच्या विंगच्या मालकांनी हे वाचून भाव वाढवू नये, ही नम्र विनंती!