कुत्र्याचे जंत आणि बागेतली माती

जिन्याखाली कुत्री व्यायली की सोसायटीतली पोरं दुधाची वाटी घेऊन धावतात. महिनाभरात पिल्लांची पोटं टम्म दिसू लागतात आणि आपण कौतुकानं म्हणतो, ‘कशी गुटगुटीत झालीत!’ पुष्कळदा ते बाळसं नसतं, जंत असतात. औषध दिलं की शिजवलेल्या शेवयांसारखे पांढरट गोल जंत शीतून पडतात. त्यांचं नाव टॉक्सोकॅरा कॅनिस. त्यांची अंडी मातीतून मुलांच्या तोंडात जाऊ शकतात, म्हणून काही समजुती तपासून घेऊ.

गैरसमज : एवढ्याशा पिल्लाला जंत कुठून होणार?
वस्तुस्थिती : आईकडूनच. कुत्रीच्या स्नायूंत दडलेल्या अळ्या गाभणपणात जाग्या होतात आणि पोटातल्या पिल्लांत शिरतात. पुढे दुधातूनही जातात. तीन आठवड्यांचं पिल्लू शीतून अंडी टाकू शकतं. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून, पशुवैद्य सांगतील तसं, जंताचं औषध सुरू करायचं. पिल्लांबरोबर आईलाही द्यायचं.

गैरसमज : शी वाळून गेली की धोका संपला.
वस्तुस्थिती : खरं तर उलट आहे. ताज्या शीतली अंडी लगेच बाधत नाहीत. त्यांच्यात अळी तयार व्हायला हवामानानुसार साधारण २ ते ४ आठवडे लागतात. उष्ण, दमट हवेत थोडे कमी. तोवर शी पावसात विरघळलेली असते, जागा स्वच्छ दिसते, पण अंडी मातीत कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षंही टिकतात. जंताची एक मादी दिवसाला लाखभर अंडी घालू शकते.

गैरसमज : फिनेल ओतलं की झालं.
वस्तुस्थिती : या अंड्यांचं कवच जाड असतं, नेहमीची जंतुनाशकं त्याला पुरी पडत नाहीत. कडक ऊन आणि कोरडेपणा त्यांना मारक आहे, पण झाडाखालच्या ओलसर सावलीत ती तग धरतात. घसरगुंडीखालची वाळू खेळ संपल्यावर झाकून ठेवली, तर तिथे कुत्री-मांजरं शी करत नाहीत.

गैरसमज : कुत्र्याला हात लावला की जंत होतात.
वस्तुस्थिती : मुख्य वाट मातीची आहे. मातीनं भरलेली बोटं तोंडात जाणं, माती खाणं, न धुतलेली कोथिंबीर किंवा मुळा खाणं यांतून अंडी पोटात जातात. खेळून आल्यावर साबणानं हात धुणं आणि नखं कापलेली असणं, एवढ्यानं बरंच साधतं.

गैरसमज : मुलाच्या शौचाच्या तपासणीत काही निघालं नाही, म्हणजे काळजी नाही.
वस्तुस्थिती : माणसाच्या आतड्यात हा जंत मोठा होत नाही, त्यामुळे शौचात त्याची अंडी सापडत नाहीत. अळ्या यकृतात, फुप्फुसात भटकतात. अनेकांना काहीच त्रास होत नाही. काहींना ताप, खोकला, पोटदुखी होते. क्वचित अळी डोळ्यात शिरून नजर अधू करते, बहुधा एकाच डोळ्याची. निदानासाठी रक्ततपासणी लागते, आणि डोळ्याची शंका असेल तर नेत्रतज्ज्ञांकडे लगेच जायला हवं. शाळेत मिळणारी जंतनाशक गोळी माणसाच्या आतड्यातल्या जंतांसाठी असते. या आजाराचे उपचार डॉक्टरच ठरवतात.

यात कुत्र्यांना हाकलण्याजोगं काहीच नाही. अंड्यात अळी तयार होईपर्यंतचे दिवस आपल्या हातात असतात. शी त्याच दिवशी उचलली, तर ती अंडी मातीत राहतच नाहीत. फिरायला निघताना पट्ट्याबरोबर एक पिशवी घ्या, आणि जिन्याखालच्या पिल्लांना दुधाच्या वाटीसोबत जंताचं औषधही मिळेल असं बघा.