लॅपटॉपची सॅक : आधी माप, मग रंग

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, “लॅपटॉप शहरातल्या बायकांचा, आपल्याला काय त्याचं?” पण जरा आजूबाजूला बघा. गावोगाव बँकेची सेवा देणारी बीसी सखी लॅपटॉप आणि अंगठा घ्यायचं मशीन पाठीवर घेऊन फिरते. ग्रामसंघाचे हिशेब ठेवणारी ताई कागदपत्रं घेऊन तालुक्याला जाते. आपली लेक कॉलेजसाठी रोज एसटीनं ये-जा करते. एसटीत बायकांना तिकीट निम्मं आहे, पण गर्दी आणि खड्डे मात्र पूर्ण वाट्याला येतात!

लॅपटॉप म्हणजे तीस-चाळीस हजारांची वस्तू. बरेचदा गटाच्या कर्जातून घेतलेली. त्याचा पडदा फुटला म्हणून कर्जाचा हप्ता थांबत नाही. म्हणून तो ज्या सॅकमधून न्यायचा, तिच्याबद्दल आज बोलू. सॅकची कामं दोनच. लॅपटॉपला गचके बसू द्यायचे नाहीत आणि आपल्या पाठीला ओझं जाचू द्यायचं नाही. रंग, फुलं, कंपनीचं नाव हे सगळं त्यानंतर.

पहिली गोष्ट माप. दुकानदार विचारतो, “लॅपटॉप किती इंची?” आपण सांगतो, “साडेपंधरा.” हा आकडा पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपा मोजलेला असतो. त्यावरून लॅपटॉपची लांबी-रुंदी कळत नाही. म्हणून शिवणकामाची टेप घ्या, लॅपटॉपच्या कडेपासून कडेपर्यंत माप घ्या आणि त्या मापाचा पुठ्ठा कापून दुकानात न्या. पुठ्ठा कप्प्यात घालून बघा. लॅपटॉपला जाडी असते, म्हणून पुठ्ठा थोडा सैल बसायला हवा. पण फार सैल असेल, तर लॅपटॉप आत हेलकावे खाणार.

दुसरी गोष्ट बहुतेक जणी बघत नाहीत, आणि नुकसान तिथंच होतं. लॅपटॉपच्या कप्प्यात हात घालून तळापर्यंत न्या. कप्प्याचा तळ आणि सॅकचा तळ एकच असेल, तर ती सॅक घेऊ नका. कारण सॅक खाली ठेवली की लॅपटॉपची कड थेट फरशीवर आदळते. कप्पा तळापासून दोन-तीन बोटं वर संपायला हवा, किंवा तळाला जाड गादी हवी.

तिसरी गोष्ट पट्टे. डोक्यावर हंडा घेताना आपण चुंबळ का ठेवतो? भार एका जागी रुतू नये म्हणून. खांद्यावरचा पट्टा ही खांद्याची चुंबळच समजा. तो रुंद हवा आणि आत स्पंज हवा. पट्टा सॅकला जिथं जोडलाय, तिथली शिवण ओढून बघा. टाके दुहेरी आहेत का? सॅक आधी तिथंच उसवते. चेन दोन-चार वेळा उघडून लावून बघा. सॅकच्या चिठ्ठीवर कधी ६०० डी किंवा ९०० डी असं लिहिलेलं असतं. हा ‘डी’ म्हणजे डेनियर, धाग्याचं माप. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका डेनियर. आकडा मोठा तेवढा धागा जाड.

दुकानात सॅक रिकामी उचलून “हलकी आहे” म्हणू नका. जवळची पिशवी, पाण्याची बाटली आत घालून पाठीवर घ्या आणि चार पावलं चाला. सॅक पाठीला चिकटून राहायला हवी, कमरेखाली लोंबायला नको. लोंबली की आपण पुढं वाकतो आणि मान-पाठ भरून येते.

आता घरची सॅक साधीच असेल, नवी घ्यायला पैसे नसतील तर? तर लॅपटॉपला गोधडी शिवा. जुन्या सुती लुगड्याचे चार-पाच थर घ्या, एकमेकींना जोडून दोरा घाला आणि तीन बाजू शिवून पाकीट करा. तळाला दोन थर जास्त द्या. ज्या गटात शिवणकाम चालतं, त्यांना तर हे एका दुपारचं काम आहे.

आता भरायचं कसं ते ऐका. भरण्याआधी लॅपटॉप पूर्ण बंद करा. नुसता मिटून चालूच ठेवला, तर बंद सॅकमध्ये वारा लागत नाही आणि तो तापतो. लॅपटॉप पाठीकडच्या कप्प्यात ठेवा. जड वस्तू पाठीजवळ असली की ओझं कमी जाणवतं. मिटताना आत पेन किंवा कागद राहिला नाही ना, ते बघा. झाकण दाबलं गेलं की त्यानंच पडद्याला तडा जातो.

चार्जरला वेगळी पिशवी करा. वायर घट्ट आवळू नका, सैल गुंडाळी करा. अंगठ्याचं मशीन मऊ फडक्यात ठेवा. शिक्का आणि शाईचा पॅड झाकणाच्या डबीत. पासबुकं आणि इतिवृत्ताची वही प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. पाणी आणि जेवणाचा डबा मात्र लॅपटॉपच्या कप्प्यात कधीच नको. बाटली बाहेरच्या जाळीत उभी ठेवा आणि डबा वेगळ्या पिशवीत हातात घ्या. आमटी सांडली तर कापड धुता येतं, लॅपटॉप नाही.

वजन किती असावं? केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात म्हटलंय की मुलाचं दप्तर त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं. आपणही तोच हिशेब धरू. बाई ५० किलोची असेल, तर सॅक ५ किलोची. लॅपटॉप दोन किलोच्या आसपास, लिटरभर पाणी एक किलो, त्यात चार्जर, वह्या आणि सॅकचं स्वतःचं वजन. म्हणजे ५ किलो बघता बघता होतात. म्हणून पाणी अर्धा लिटर न्या आणि वाटेत पुन्हा भरा. त्या दिवशी न लागणारी वही घरी ठेवा. आणि सॅक दोन्ही खांद्यांवर घ्या. साडीची पिन पट्ट्याखाली आली तर रुतते, म्हणून पदर लावताना पिन थोडी सरकवून लावा.

एसटीत सॅक वरच्या फळीवर टाकू नका, मांडीवर घ्या. उभं राहावं लागलं तर पोटाकडून अडकवा. म्हणजे कुणाला धक्का लागत नाही आणि चेन आपल्या नजरेसमोर राहते. स्कूटीवर पाय ठेवायच्या जागी सॅक ठेवली, तर प्रत्येक खड्डा लॅपटॉपला बसतो. ती पाठीवरच बरी. पदर, ओढणी आणि पट्ट्यांची लोंबती टोकं खोचून घ्या, चाकात जायला नकोत. आगगाडीत रात्री सॅक उशाला घेताना त्यातला लॅपटॉप डोक्याखाली दाबला जाऊ देऊ नका.

पावसाळ्यात कापड पाणी धरत नाही असं दुकानदार सांगतो, पण पाणी चेनमधून शिरतं. म्हणून सॅकला वरून प्लॅस्टिकचं कव्हर घाला आणि लॅपटॉपही एका जाड पिशवीत गुंडाळा. तरीही भिजलाच तर लगेच बंद करा, चार्जर लावू नका, पुन्हा चालू करून बघू नका. कोरड्या फडक्यानं टिपा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नका.

शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची. लॅपटॉप गेला तर तो कधी ना कधी पुन्हा घेता येईल. पण त्यातले गटाचे हिशेब, कुणाचं किती कर्ज, किती बचत, ते गेलं तर बायका-बायकांत संशय उभा राहतो. म्हणून दर आठवड्याला हिशेबाची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो पेन ड्राइव्ह घरी किंवा गटाच्या पेटीत ठेवा. सॅकमध्ये ठेवला, तर दोन्ही एकदमच जातील. पासवर्ड लिहिलेला कागदही सॅकमध्ये नको. लॅपटॉपच्या खाली छापलेला नंबर आणि बिल घरी जपून ठेवा. पोलिसांत तक्रार द्यायची वेळ आली तर ते लागतं.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. जी बाई लॅपटॉप वाहते, तिची सॅक मधोमध ठेवा, उघडा आणि तागडीवर तोलून बघा. लॅपटॉप गटाचा असेल, तर ती सॅक चांगली असावी हेही गटाचंच काम आहे. त्यासाठी चार पैसे काढायचे की गोधडी शिवायची, ते तुम्ही सगळ्या मिळून ठरवा.