लाकडाला सूत चालतं

संपादकांनी लोणारला धाडलं ते सरोवरासाठी. २०२० च्या जूनमध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं, त्याच वर्षी नोव्हेंबरात पाणथळ जागा म्हणून रामसरचा दर्जा मिळाला. त्यानंतर गावाचं काय झालं ते बघून या, एवढंच काम. मी धारेवर गोमुखाचं पाणी हातावर घेतलं, दैत्यसूदनाच्या देवळात मान दुखेस्तोवर छत पाहिलं, काठावरून सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा तो खड्डाही पाहिला. मग चहासाठी एका सुताराच्या दुकानाशी टेकलो आणि सरोवराचा लेख राहिला तो राहिलाच.

पडवीत पोत्यांखाली एक लेथ होता. लाकूड कातायचा, बिडाच्या बेडचा, पाच फुटी. मिस्त्रींनी तो खामगावकडच्या भंगारवाल्याकडून किलोच्या भावानं आणलेला. कुठल्याशा जिनिंगच्या वर्कशॉपमधला आहे, असं भंगारवाल्याचं म्हणणं. तसं असू शकतं. १८७० साली लॉर्ड मेयोच्या हस्ते कापसासाठीचा जलंब-खामगाव रेल्वेफाटा सुरू झाला. कापसामागे सरकी काढायची यंत्रं आली, यंत्रांमागे दुरुस्ती आली, दुरुस्तीमागे ओतकामाचे लाकडी फर्मे आले. आणि गोल फर्मा करायचा तर लेथ हवाच. पुरावा मात्र काही नाही. मेकरची पितळी पट्टी कुणीतरी आधीच मोडीत घातली होती, तिच्या जागी स्क्रूची चार भोकं तेवढी होती. पुली चपट्या पट्ट्याची, तीन पायऱ्यांची. म्हणजे हा कधीकाळी छताखालच्या लाइन शाफ्टवर फिरला असणार. स्पिंडलचे आटे व्हिटवर्थचे, ५५ अंशांचे. आपल्याकडे मेट्रिकचा कायदा १९५६ चा, तेव्हा वयाचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

मिस्त्रींचे आजोबा दोरीवर कातायचे. एकानं दोरी मागंपुढं ओढायची, दुसऱ्यानं हत्यार धरायचं. लाकूड निम्मा वेळ उलटं फिरतं, म्हणून धारही निम्माच वेळ लागते. त्यावर बाजेचे पाय व्हायचे, पाळण्याच्या दांड्या व्हायच्या. आता मागणी आहे ती देवघराच्या कातीव खांबांना आणि लाटण्यांना. खांब बाहेरून आणायचे तर नफा त्यातच जातो. लेथ घेण्यामागचं कारण एवढं साधं.

गंज काढणं सोपं गेलं. भाच्यानं मोबाइलवर पाहून युक्ती सांगितली : पिंपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, वर बॅटरीचा चार्जर. गंजका भाग ऋण टोकाला, भंगारातली सळई धन टोकाला. उघड्यावर रात्रभर बुडबुडे येत राहिले आणि सकाळी काळा लगदा पुसला तर खाली स्वच्छ बीड. सोडा किराणा दुकानातला. गंमत अशी, की हाच सोडा दीड-दोन किलोमीटरवर सरोवराच्या पाण्यात विरघळलेला आहे. काच आणि साबणाला लागणारं सगळं इथल्या डोंगरात मिळतं, अशी लोणारची नोंद आइन-ए-अकबरीत आहे. आता ते अभयारण्य. तिथला खार आणायचा विचारही कुणी करत नाही.

खरं दुखणं हेडस्टॉकमध्ये, म्हणजे स्पिंडल फिरतं त्या घरात होतं. स्पिंडल हातानं उचललं की टक्‌ वाजायचं. आत बॉल बेअरिंग नव्हतं, व्हाईट मेटल होतं. कथिलात थोडं अँटिमनी आणि थोडं तांबं घालून आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन माणसानं १८३९ साली हा मिश्रधातू काढला. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. तेलातून बारीक कचरा आला तर तो मेटलमध्ये रुतून बसतो आणि शाफ्ट वाचतो. फिटरनं सल्ला दिला, हे घर बोअर करून बॉल बेअरिंग ठोका. मिस्त्रींनी मान हलवली. "ज्यानं बनवलं त्यानं काही पाहूनच बनवलं असंल ना."

मेहकरकडचे एक म्हातारे ऑइल इंजिनवाले आले. पूर्वी विहिरीविहिरींवर डिझेल इंजिनं होती, तेव्हा बेअरिंग ओतणं त्यांचं रोजचं काम. अलीकडे वर्षानुवर्षं कुणी बोलावलेलं नाही. त्यांनी स्पिंडल चिमणीच्या काजळीवर फिरवून काळंभोर केलं, म्हणजे मेटल त्याला चिकटत नाही. स्पिंडल घरात अधांतरी बसवलं, फटी चिकणमातीनं लिंपल्या. पळीतल्या रसात खोक्याच्या पाइनची काडी बुडवली. काडी तपकिरी झाली, पेटली नाही. "आता," म्हणाले, आणि ओतलं.

फट्‌ आवाज झाला. माती आतून ओली राहिली होती. रस उडाला, म्हाताऱ्यांच्या मनगटावर एक थेंब बसला, आणि बेअरिंग निघालं अनारशासारखं, जाळीदार. कुणी काही बोललं नाही. म्हाताऱ्यांनी मनगटावर पाणी ओतून घेतलं नि मेटल परत पळीत टाकलं. दुसऱ्या खेपेला माती आदल्या दिवशीच लिंपून वाळू दिली होती, बिडाचं घर बत्तीनं तापवून घेतलं होतं. रस गुपचूप आत गेला.

मग घासणं. स्पिंडलला निळा रंग लावून फिरवायचं, बेअरिंगवर निळा डाग उमटेल तेवढीच जागा स्क्रेपरनं खरवडायची, पुन्हा रंग, पुन्हा फिरवायचं. शाफ्टच्या दर इंचाला एक हजारांश इंच फट, असा जुना हिशेब. स्पिंडल दीड इंची, म्हणजे दीड हजारांश. सुताराचं माप सूत, इंचाचा आठवा भाग. त्यात असे १२५ हजारांश बसतात. चौथ्या दिवशी मिस्त्री कंटाळले असतील म्हणून मी विचारलं. "लाकडाले सूत चालते, भाऊ," ते म्हणाले. "याले नाही चालत." जन्मभर सुतानं मोजलेला माणूस दिव्याखाली तिरपं बघून एकेक डाग उडवत होता. मी तेवढ्या वेळात तीन चहा प्यायलो.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा नवीच भानगड. टेलस्टॉक सरकवून दोन्ही टोकं समोरासमोर आणली तर हेडस्टॉकचं टोक वर. ओतताना स्पिंडल जरा उंच बसलं होतं, ते तेव्हा कुणी तपासलंच नाही. टेलस्टॉकखाली पितळी पत्रा घातला, उंची जुळली. पण आता टोक बाजूला गेलं. फरशी असमान, बोल्ट आवळले की बेडच पिळला जातो. एका पायाखाली पाचर घातली की दुसरा पाय डोलायचा. पोळपाट कातायला लागणारी फेसप्लेट कुठंच नाही. आणि व्हिटवर्थ आट्यांची नवी करून द्यायची तर टर्नर निम्म्या लेथची किंमत सांगतो. तोवर पोळपाट नाहीत, नुसती लाटणी.

मी होतो त्या संध्याकाळी मोटर जोडली. १४४० फेऱ्यांची मोटर, तीन इंची पुलीवरून नऊ इंचीवर, म्हणजे ४८०. बांधावरच्या बाभळीचा तुकडा टोकांत धरला. पहिलं सालपट लांब निघालं, मिस्त्रींच्या मनगटावर गुंडाळलं गेलं. त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. डाव्या हाताची तर्जनी बेअरिंगच्या टोपणावर होती. पाच मिनिटं, सात मिनिटं. मग त्यांनी बोट उचललं, पुन्हा टेकवलं, झटकन काढलं आणि बटण बंद केलं.

"गरम होते," ते म्हणाले. पाना घेऊन टोपणाचे नट सोडवायला बसले आणि भाच्याला निळ्या रंगाची डबी आणायला सांगितली.