नास्तिकांची पोथी कोणती?

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, भरलेल्या वैदिक संमेलनाच्या वेळी तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कुणी सांगितलेले नाही की लिहून ठेवलेले नाही, असा त्यांचा मुद्दा होता. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला. पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा पुन्हा वाद पेटला.

या वादांत विज्ञानशिक्षणाचा प्रश्न होताच. पण त्याच्या तळाशी आणखी एक समजूत मला दिसत राहिली, आणि ती दोन्ही बाजूंना आहे: डार्विन ही नास्तिकांच्या घराची मधली तुळई आहे, ती काढली की घर बसलेच. देव न मानणाऱ्यांना हमखास विचारला जाणारा प्रश्न याच समजुतीतून येतो. गीता नाही, कुराण नाही, बायबल नाही, मग तुमचा ग्रंथ कोणता? आणि बरेचदा विचारणाराच उत्तर देऊन टाकतो, ‘डार्विनचा.’

डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ २४ नोव्हेंबर १८५९ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या १३० वर्षे आधी, १७२९ मध्ये, फ्रान्समधल्या एत्रेपिन्यी गावचा कॅथलिक धर्मगुरू झाँ मेलिए वारला. त्याच्यामागे एक मोठे हस्तलिखित सापडले. ज्या देवाची त्याने आयुष्यभर चर्चमध्ये प्रार्थना चालवली, तो देव नाहीच, असे त्यात त्याने सविस्तर मांडले होते. १७७० मध्ये होलबाखचा उघड निरीश्वरवादी ग्रंथ आला. १८११ मध्ये नास्तिकतेवर पत्रक काढल्यामुळे कवी शेलीला ऑक्सफर्डमधून काढून टाकण्यात आले. यांपैकी कुणाच्याही हाती उत्क्रांतीचा सिद्धांत नव्हता.

पण युरोपात जायची गरजच नाही. दहाव्या-अकराव्या शतकात मिथिलेतल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वराच्या बाजूने जे युक्तिवाद रचले, त्यांतला सर्वांत परिचित असा: घट दिसला की कुंभार असणारच, पृथ्वी, अंकुर हेही कार्यच आहे, तेव्हा त्यांचाही कुणी कर्ता असलाच पाहिजे. विल्यम पेलीने १८०२ मध्ये घड्याळ आणि घड्याळजी घेऊन इंग्रजीत असाच युक्तिवाद मांडला. उदयनांसमोर खरे प्रतिपक्षी उभे होते: बौद्ध, जैन, मीमांसक, चार्वाक. त्याआधी नवव्या शतकातच जैन आचार्य जिनसेनांनी सृष्टिकर्त्याच्या कल्पनेवर प्रश्नांची सरबत्ती केली होती. जग निर्माण होण्याआधी तो कर्ता कुठे होता? कोणत्या सामग्रीतून त्याने ते घडवले? तो परिपूर्ण असेल तर त्याला जग निर्माण करण्याची इच्छा का व्हावी? या प्रश्नांसाठी त्यांना जीवाश्म लागले नाहीत. विचार लागला.

आता ग्रंथाचे पाहू. इथे आपल्या परंपरेतला गुंता फार उद्बोधक आहे. कुमारिल भट्टांच्या मीमांसेत वेद सर्वोच्च प्रमाण आहेत, पण ते अपौरुषेय आहेत, म्हणजे देवानेसुद्धा रचलेले नाहीत. आणि जगाचा कर्ता असलेला ईश्वर कुमारिल स्पष्ट नाकारतात. ग्रंथ आहे, देव नाही. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकांतही सृष्टी चालवायला ईश्वर लागत नाही. जैनांकडे आगम आहेत, बौद्धांकडे त्रिपिटक आहे, सृष्टिकर्ता दोघांकडेही नाही. तरी व्यवहारात मीमांसक आस्तिक ठरला आणि जैन नास्तिक, कारण मनुस्मृतीपासून नास्तिक हा शब्द वेदांची निंदा करणाऱ्यासाठी वापरला गेला. पाणिनीचे टीकाकार आस्तिक-नास्तिक हा भेद परलोक मानण्या-न मानण्यावर लावतात. देव मानण्याशी तो शब्द बांधला गेला तो पुढे. ‘तुमचा ग्रंथ कोणता’ हा प्रश्न आपल्या तोंडी इतका सहज येतो, त्यामागे शब्दाचा हा जुना इतिहासही असावा असे मला वाटते.

लोकायत किंवा चार्वाक मताची गोष्ट तर आणखी वेगळी. त्यांची सूत्रे बृहस्पतीच्या नावावर सांगतात, पण तो ग्रंथ हरवला आहे. त्यांचे म्हणणे आपल्यापर्यंत मुख्यतः विरोधकांच्या पूर्वपक्षातून आले. खंडन करण्यासाठी आधी समोरच्याचे मत मांडायचे, ही शास्त्रार्थाची शिस्त होती. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त पहिलेच प्रकरण चार्वाकांचे आहे. मग १९२६ मध्ये गुजरातेतल्या पाटणच्या जैन भांडारात ताडपत्रावरची एक पोथी हाती लागली: जयराशी भट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’. पंडित सुखलालजी आणि रसिकलाल परीख यांनी तिचे संपादन केले आणि १९४० मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत ती छापून आली. जैनांनी आपल्याच भांडारात ती शतकानुशतके सांभाळली होती, हे मला फार मोलाचे वाटते.

पण ही नास्तिकांची पोथी म्हणावी, तर जयराशी तसे म्हणू देत नाही. तो नैयायिक, मीमांसक, बौद्ध, जैन सगळ्यांची प्रमाणे एकेक करून मोडीत काढतो, अगदी प्रत्यक्षालाही सोडत नाही. बृहस्पतीचे नाव तो आदराने घेतो, आणि शेवटी सांगतो की बृहस्पतीलाही जे सुचले नाही ते इथे मांडले आहे. जो आपल्या परंपरेच्या आद्य आचार्याच्या पुढे गेल्याचे उघडपणे लिहितो, त्याच्यासाठी बृहस्पतीची सूत्रे वेदवाक्य नव्हती, हे उघड आहे. तो संप्रदाय ग्रंथाविना किती काळ आणि किती माणसांत टिकला हे मोजता येणार नाही. नकार मात्र टिकला.

डार्विनचे ऋण लहान करण्याचा माझा हेतू नाही. कुंभार नसेल तर घट आला कुठून, हा प्रश्न जुन्या निरीश्वरवाद्यांना खरोखर अडचणीचा होता. डोळा, पंख, फुलाचा आणि कीटकाचा जुळलेला आकार यांचे ते काय करणार? डेव्हिड ह्यूमने रचनेच्या युक्तिवादातली भगदाडे दाखवली. त्याचे ‘संवाद’ तो गेल्यावर १७७९ मध्ये छापले गेले. पण त्या जागी ठेवायला त्याच्याकडे दुसरे स्पष्टीकरण नव्हते. नैसर्गिक निवडीने ते दिले. रिचर्ड डॉकिन्स १९८६ च्या ‘द ब्लाइंड वॉचमेकर’मध्ये म्हणतात की डार्विननंतर नास्तिकाला बौद्धिक समाधान मिळू शकले. समाधान हा शब्द मला योग्य वाटतो. समाधान आणि पाया या वेगळ्या गोष्टी आहेत. उद्या उत्क्रांती चुकीची ठरली, तर जीवसृष्टीच्या विविधतेचे दुसरे, अधिक चांगले स्पष्टीकरण शोधावे लागेल. एका साक्षीदाराची साक्ष उलटतपासणीत पडली म्हणून दुसऱ्याचा दावा सिद्ध होत नाही.

उलट बाजूने पाहिले तरी गाठ सुटते. अमेरिकेत डार्विनची बाजू सर्वांत जोरकसपणे मांडणारा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती होता. विसाव्या शतकात उत्क्रांतीची जनुकशास्त्राशी सांगड घालणाऱ्यांतला थिओडोसियस डॉब्झान्स्कीही श्रद्धावान होता. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती ही निव्वळ कल्पना राहिलेली नाही, असे मान्य केले. आणि खुद्द डार्विन? त्याची दहा वर्षांची मुलगी ॲनी १८५१ मध्ये गेली. १८६० मध्ये ग्रेला लिहिलेल्या पत्रात तो अळीच्या जिवंत शरीरात आपली पिल्ले वाढवणाऱ्या कीटकांबद्दल लिहितो; दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने असे मुद्दाम घडवले, हे त्याच्या मनाला पटत नव्हते. त्याला छळणारा प्रश्न दुःखाचा होता, जो कुठल्याही आईला, कुठल्याही शतकात पडलेला आहे.

त्याचा ग्रंथही पोथी होण्याजोगा नाही. १८७२ पर्यंत त्याने सहा आवृत्त्या काढल्या आणि प्रत्येक वेळी मजकूर बदलला. आनुवंशिकतेबद्दलची त्याची कल्पना साफ चुकली. मेंडेलच्या नियमांनी ती मागे टाकली. त्यामुळे कुणाची श्रद्धा ढासळली नाही, कारण तिथे श्रद्धा ठेवायची नव्हती.

भगतसिंगांचा नास्तिकतेवरचा निबंध १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात लिहिला गेला. त्यात डार्विनचा उल्लेख आहे, पण तो ओझरता. माणसाची उत्पत्ती जाणून घ्यायची तर त्याला वाचा, एवढाच. निबंधाचा सगळा भार दुसरीकडे आहे: देव सर्वशक्तिमान असेल तर भूक, शोषण, गुलामी तो थांबवत का नाही? फाशी समोर दिसत असताना प्रार्थनेचा आधार घ्यायला त्यांनी नकार दिला. आंध्रातले गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, वनस्पतिशास्त्र शिकवायचे. उत्क्रांती त्यांना ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? पण त्यांची नास्तिकता उभी राहिली ती अस्पृश्यतेच्या विरोधात, सहभोजनांच्या पंगतींत. आपल्याकडे डॉ. श्रीराम लागू पेशाने शल्यविशारद. देवाला निवृत्त करा, असे सांगताना तेही माणसावर देवाच्या नावाने होणाऱ्या अन्यायाबद्दल बोलायचे.

म्हणून मला वाटते, ‘तुमचा ग्रंथ कोणता’ या प्रश्नाच्या पोटात दुसराच प्रश्न आहे: तुमच्या शब्दावर विसंबायचे कशाच्या आधारावर? जॉन लॉकने १६८९ मध्ये सहिष्णुतेवर लिहिताना नास्तिकांना वगळले ते याच कारणाने. देव न मानणाऱ्याला शपथ बांधत नाही, असे त्याचे म्हणणे. चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनमधून निवडून आला, तेव्हा ब्रिटिश संसदेने शपथेच्याच मुद्द्यावर त्याला अडवले. मतदारांनी त्याला पुन:पुन्हा निवडून दिले, तरी जागेवर बसायला १८८६ साल उजाडावे लागले. देवाचे नाव न घेता प्रतिज्ञा करण्याची सोय १८८८ मध्ये तिथे कायद्याने सर्वांना मिळाली.

आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत ती सोय पहिल्यापासून आहे: ईश्वरसाक्ष शपथ घ्या, नाहीतर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा. न्यायालयातला साक्षीदार सिनेमात गीतेवर हात ठेवताना दिसतो, पण १९६९ च्या शपथ कायद्याने दिलेल्या नमुन्यात कुठल्याच ग्रंथाचे नाव नाही. ईश्वराचे नाव घेणाऱ्याने खोटी साक्ष दिली काय आणि न घेणाऱ्याने दिली काय, शिक्षा एकच आहे, सात वर्षांपर्यंत कैद.