चढणीचे मासे

मृगाच्या मोठ्या पावसाने कोकणातील नद्या काठ ओलांडतात आणि गढूळ पाणी भातखाचरांत शिरते. त्याबरोबर मळ्ये, शिंगटी आदी मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. उथळ पाण्यात पिलांना खाद्य विपुल मिळते. काही भागांत यासच ‘वलगण’ म्हणतात. पाग, कंदील व बांबूचे सापळे घेऊन गाव ओहोळावर लोटतो; ही मौज सहसा कोणी चुकवीत नाही. मात्र हाती येणारी मादी बहुधा गाभोळीने भरलेली असते. ओहोळ आडवा बांधून टाकल्यास पुढील वर्षाचे बीजच खुंटते. निम्मे पात्र मोकळे राखण्याचा ठराव ग्रामसभेस करता येईल. विष व स्फोटके यांच्या वापरास तर १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानेच मनाई केलेली आहे.