पगार जुम्म्याचा, उधारी मंगळवारची

हजेरीपट हा शिक्षकाला घराघरात डोकावू देणारा कागद आहे. मालेगावात उर्दू शाळेत मराठी शिकवताना एवढी वर्षं झाली, तरी ही गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली. दोन वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गातली एक हुशार मुलगी सारखी गैरहजर राहू लागली. मी महिन्याचा पट उलगडून पाहिला, तर खाडे सगळे बुधवारचे आणि गुरुवारचे. शनिवारी ती हजर, सोमवारी हजर, मंगळवारीही हजर. आजारपण असं वार पाहून येत नाही.

विचारलं तर मान खाली घालून म्हणाली, "मिस, घर में कांडी भरनी होती है."

आमच्या गावाबाहेरच्या भगिनींसाठी सांगते. यंत्रमागाला इथे साचा म्हणतात. साच्याच्या धोट्यात बाण्याच्या सुताची जी नळी बसते ती कांडी. ती भरण्याचं काम बायका आणि मुलं करतात, मजुरी अगदी किरकोळ. जुम्म्याला साचे बंद असतात आणि मजुरांचा हिशोब आठवड्याचा होतो. पैसा घरात येतो जुम्म्याच्या आसपास आणि मंगळवारपर्यंत संपतो. बुधवारी-गुरुवारी चूल कशी पेटायची, याचं उत्तर त्या घरात माझी विद्यार्थिनी होती.

मी तिच्या घरी गेले ते खरं तर रागावण्यासाठी. पत्र्याची एक खोली, पुढे ओटा, चार मुलं. वडील बारा तासांच्या पाळीत साचे चालवतात. अम्मीने चहा ठेवला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "मिस, मला ठाऊक आहे तुम्ही कशाला आलात. मी पैसे उडवत नाही. तुम्हीच वही बघा आणि कुठे इसराफ होतोय ते सांगा."

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची उधारीची वही त्यांनी समोर ठेवली. मी ती तीन दिवसांसाठी घरी नेली.

इथे थोडं माझ्याविषयी. विनाअनुदानित शाळेत अनेक वर्षं काढलेली मी बाई आहे. हातात येणारा पगार सांगायला लाज वाटावी असा होता, आणि तोही कधी दोन-दोन महिने यायचा नाही. त्या काळात मला वाटायचं, काटकसर म्हणजे सगळ्यात स्वस्त ते घेणं. मुलाला शाळेसाठी स्वस्तातले बूट घेतले. तीन महिन्यांत तळ सुटला, पुन्हा घेतले, पुन्हा सुटले. वर्षाअखेरीला चांगल्या बुटांपेक्षा जास्त पैसे गेले होते. तेव्हा दुसऱ्याला काटकसर शिकवायचा मला फारसा अधिकार नव्हता. वही वाचायचा मात्र होता, कारण तशीच एक वही माझ्याही नावाची होती.

त्या वहीत उधळपट्टीचं काहीच नव्हतं. दहा रुपयांचं तेल. पाच रुपयांची चहापत्ती. पावशेर साखर. पावशेर मसूर. पुन्हा दहा रुपयांचं तेल. एकेका आठवड्यात तेल सहा-सात वेळा आणलेलं. चार आठवड्यांची बेरीज झाली ३,६४० रुपये. मग मी तेवढ्याच वस्तूंची यादी घेऊन बाजारातल्या रोखीच्या मोठ्या दुकानात गेले आणि आठवड्याचं सामान एकदम घेतलं तर काय पडेल ते एकेक भाव विचारून लिहिलं. बेरीज ३,१०० झाली. फरक ५४० रुपये. उधारीवाल्याला भाव विचारता येत नाही, माल बदलून मागता येत नाही, आणि सुटं घेतलेलं महाग पडतं. (सगळंच सुटं महाग नसतं हेही तेव्हाच कळलं. शाम्पूची पुडी बरेचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. हिशोब प्रत्येक वस्तूचा वेगळा करावा लागतो.)

दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याचाही पैसा अडकतो, काहींचा बुडतो, आणि अडीअडचणीला तोच उभा राहतो.

मग मी कांडीचा हिशोब विचारला. मुलगी दिवसभर बसली तर पासष्ट रुपयांचं काम व्हायचं. आठवड्याला दोन दिवस, महिन्याचे आठ दिवस, म्हणजे ५२० रुपये.

मी ते दोन आकडे एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ तसेच पाहत बसले. पोरगी शाळा बुडवून जे कमावत होती, ते जवळजवळ सगळं उधारी खात होती.

दुसऱ्या खेपेला तिचे अब्बाही घरी होते. आम्ही तिघांनी मिळून आठवडा मांडला. साचे नीट चालले तर ३,००० रुपये. भाड्यापोटी ४५०, गॅस आणि विजेचे २२५, दूध-चहा २५०, भाजी आणि आठवड्यातून एकदा गोश्त ४००, शेठकडून घेतलेल्या उचलीपोटी कापले जाणारे ३००, गल्लीतल्या भिशीचे १००, आणि किराण्याची मागची उधारी ९००. राहिले ३७५. त्यातले ३५० कुठे जातात, असं मी विचारलं. खोलीत शांतता. मग अब्बा स्वतःच म्हणाले, "चाय, तंबाखू... मेरा जेबखर्च." दुसऱ्याच्या घरातला तो विषय माझा नव्हता. मी फक्त आकडा लिहिला. कागदावर लिहिलेला आकडा माणूस स्वतःच वाचतो. पुढच्या महिन्यात त्यांनी त्यातले शंभर रुपये आपणहून कमी केले, असं अम्मीने मला हळूच सांगितलं.

धान्याची अडचण त्या घरात मोठी नव्हती. रेशनवर अन्नसुरक्षा कायद्याच्या प्राधान्य यादीतल्या घराला माणशी ५ किलो धान्य मिळतं आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. सहा माणसांचे ३० किलो. पोट भरायला गहू-तांदूळ होता. खर्च होता तो त्याच्याबरोबर खायच्या गोष्टींचा: डाळ, तेल, भाजी, अंडी. म्हणून "कमी खा" हा सल्ला मूर्खपणाचा झाला असता. त्या घराचा प्रश्न खर्च जास्त असल्याचा नव्हता, घर एक आठवडा मागे असल्याचा होता. जुम्म्याला आलेला पैसा मागच्या आठवड्याचं खाणं फेडायचा आणि पुढचा आठवडा पुन्हा उधारीवर उभा राहायचा. ९०० रुपयांची ही एकच फट होती. ती एकदा बुजली की येणाऱ्या जुम्म्याचे पैसे येणाऱ्या आठवड्याला पुरले असते, तेही रोखीच्या भावाने.

ते ९०० आणायचे कुठून? अब्बांचं म्हणणं, गल्लीत येणाऱ्या एका कर्ज गटातून दहा हजार उचलू, सगळंच फिटेल. दर विचारला तर "फक्त बारा टक्के". माझा विषय मराठी, म्हणून मी आमच्या गणिताच्या सरांना गाठलं. त्यांनी फळ्यावर मांडून दाखवलं. दहा हजारांवर बाराशे व्याज आणि ११,२०० रुपये ५२ आठवड्यांत फेडायचे, तर दर आठवड्याला मुद्दल कमी होत जातं, पण व्याज मात्र वर्षभर पूर्ण दहा हजारांवर धरलेलं असतं. खरा दर २२-२३ टक्क्यांच्या घरात जातो. शिवाय एकीचा हप्ता चुकला तर गटातल्या बाकीच्यांनी भरायचा. व्याजाच्या हराम असण्याविषयी त्यांना मी सांगायची गरज नव्हती. नाइलाज म्हणून ते तयार झाले होते, एवढंच. आकडा ऐकल्यावर बेत राहिला.

उरली भिशी. बारा बायका, आठवड्याला शंभर, म्हणजे बाराशे रुपये एकीच्या हाती. व्याज नाही, कागद नाही, फक्त एकमेकींवरचा विश्वास. म्हणून ती ओळखीच्या चार घरांतच बरी. अनोळखी, मोठ्या भिशीत पैसे घेऊन पसार झालेल्यांचे किस्से आपण सगळ्यांनी ऐकले आहेत. अम्मीचा नंबर रमजानच्या शेवटच्या दिवसांत होता, आणि तो मुद्दाम मागून घेतलेला. ईदचे कपडे त्यातूनच यायचे.

मी म्हटलं, "भाभी, यंदा कपडे राहू द्या. उधारी मिटवा."

सांगताना सोपं वाटलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. अब्बा म्हणाले, "ईद के दिन बच्चे पुराने कपड़े पहनेंगे? लोग क्या कहेंगे?" मी उठून आले. चार दिवसांनी मुलीकडून निरोप आला: अम्मीने दुकानाची वही कोरी केली. ईदला मी शीरखुर्मा घेऊन गेले तेव्हा धाकटा, सहा वर्षांचा, धुतलेल्या जुन्या कुर्त्यात दाराशी रडत बसला होता आणि शेजारच्या पोरांकडे पाहत नव्हता. तो सल्ला मी दिला होता. तो बरोबर होता असं मला आजही वाटतं, आणि ते रडणंही मी विसरलेले नाही.

पुढच्या जुम्म्यापासून ९०० रुपये घेऊन दोघं बाजारात जाऊ लागले. उरलेले ३०० एका डब्यात. तेल एकदम लिटरभर, चहापत्ती पाव किलो. तूरडाळीबरोबर मसूर, कारण ती लवकर शिजते आणि गॅस वाचतो. चणे-वाटाणे रात्री भिजत घातलेले. दालचा करायचा तर गोश्त थोडं आणि दुधी जास्त. बाजार उठायच्या वेळी पालेभाजी. यातलं काहीही मी शिकवलं नाही, त्या माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या गृहिणी होत्या. हातात रोख नसल्याने त्यांचं शहाणपण वापरात येत नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला बोलावी लागली. यादीत दर वेळी अंडी पाच. घरात माणसं सहा. मी विचारलं तर हसून म्हणाल्या, "मला आवडत नाहीत." माझ्या अम्मीलाही गोश्त आवडत नसे, आम्ही भावंडं मोठी होऊन कमवायला लागल्यावर अचानक आवडायला लागलं. आपल्या घरांतली बरीचशी काटकसर अशी एका ताटातून होते. आपण तिला सब्र म्हणतो आणि कौतुक करतो. या बाईंना चक्कर यायची, बसल्या जागी धाप लागायची. सरकारी दवाखान्यात नेलं तर हिमोग्लोबिन आठच्या आत. लोहाच्या गोळ्या तिथे मोफत मिळाल्या. डॉक्टरबाईंनी सांगितलं, जेवणावर लगेच चहा घेऊ नका, भाजीवर लिंबू पिळा. लेकीला शाळेत आम्ही दर आठवड्याला निळी गोळी देतो, ती लपवून फेकायची हेही तेव्हाच उघड झालं! आजारी पडलेल्या आईचे दवापाण्याचे पैसे, बुडलेली कांडी, पोरीचे खाडे हे सगळं जोडलं तर ते न खाल्लेलं सहावं अंडं त्या घराला फार महाग पडत होतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. त्याच वर्षी सुताचे भाव चढले, कापडाला उठाव नव्हता, साचे आठवड्यातून चारच दिवस चालू लागले. डबा रिकामा झाला आणि घर पुन्हा उधारीवर आलं. दोन महिने हजेरीपटावर बुधवार-गुरुवार पुन्हा कोरे दिसले. पण या वेळी त्यांना ठाऊक होतं की बुजवायची फट किती आहे. आठवड्याला शंभर-शंभर करत नऊ-दहा आठवड्यांत त्या पुन्हा बाहेर आल्या, मला न विचारता.

मुलगी नववीत गेली तेव्हा दुसरा खर्च अंगावर आला. दुपारचं शाळेतलं जेवण आणि मोफत पुस्तकं आठवीपर्यंतच असतात. केंद्राची मॅट्रिकपूर्व अल्पसंख्याक शिष्यवृत्ती २०२२ पासून पहिली ते आठवीला बंद झाली, ती नववी-दहावीपुरतीच राहिली. आमच्या मुली नववीच्या उंबऱ्यावर शाळा सोडतात त्याचं एक कारण हेही आहे. मोठ्या वर्गातल्या मुलींकडून मी जुनी पुस्तकं गोळा करून ठेवते. आपल्या घरात दहावी झालेली मुलं असतील तर ती पुस्तकं रद्दीत देऊ नका, जवळच्या शाळेत द्या.

आता ती दहावीत आहे. या महिन्यात एकच खाडा, तोही सोमवारचा, तापाचा.

परवा अम्मी शाळेत आल्या होत्या. भिशीचा नंबर यंदाही ईदच्या आधी आला आहे. डब्यात थोडे पैसे आहेत, वहीवर काही नाही. "मिस, या वेळी धाकट्याला निळा कुर्ता घेणार आहे," त्या म्हणाल्या. "आत्ताच सांगून ठेवते."